धाकटीचं रेणापूर

आमच्या धाकट्या जावेइतकं माणसाला बेजार करणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं सापडणार नाही, आणि सापडलंच तर तेही नांदेडचंच निघेल, असं मी आजवर भेटेल त्याला सांगत आले आहे. आम्ही लातूरची माणसं काम पुढ्यात आलं की करतो आणि झालं की गुमान बसतो. या पोरीला आधी ठरवावं लागतं, मग ठरवलेलं गावभर सांगावं लागतं, मग सांगितल्याप्रमाणे होतंय की नाही ते रोज तपासावं लागतं, आणि एवढं करून दिवस उरला तर काम. ती इथल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. उदगीर, निलंगा, देगलूरकडची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येतात, त्यांना टार्गेट देऊन देऊन तिला ती खोडच लागली होती. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने घरातल्या प्रत्येकाला एकेक टार्गेट वाटलं. माझ्या नवऱ्याला चहातली साखर निम्मी करायची होती. तेव्हापासून ते सकाळचा चहा कामावर, डाळमिलमध्ये जाऊन पिऊ लागले. तिच्या स्वतःच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या धाकट्या दिरांना, ओला टॉवेल पलंगावर टाकायची बंदी आली. मी मेथी निवडत बसले होते, तर माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "अक्का, तुमचं यंदाचं काय?"

मी म्हटलं, "यंदाचं काय म्हणजे? यंदा लोणचं जरा जास्त घालीन म्हणते."

"ते घराचं झालं. तुमचं काय?"

माझं काय असणार. मी म्हटलं, बाई, ही मेथी होऊ दे, एवढंच माझं टार्गेट. ती म्हणाली, "बरं, विचार करून ठेवा. मी पुन्हा विचारीन." आणि तिने खरोखरच दर पाडव्याला विचारलं. गुढीला हार घालता घालता मान वळवून विचारायची. मला त्या प्रश्नाचा एवढा वैताग येऊ लागला की पाडवा जवळ आला की मी तिच्यासमोर एकटी बसायचं टाळायची.

तिला स्वतःला मात्र टार्गेटची कमी कधीच पडली नाही, कारण ती पळायची. पहाटे ट्रॅक पँट चढवून, वेणी घट्ट बांधून, गल्लीतून अशी सुटायची की पहिले काही दिवस दूधवाला सायकल थांबवून तिच्या मागे कोण लागलंय ते पाहत उभा राहायचा. शेजारच्या काकूंनी एकदा आमच्या सासूबाईंना विचारलंच, "सूनबाई भांडून निघाल्या का काय?" सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या अंगणात सडा टाकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्हाई, तिला तसंच चालता येतंय."

आत्यांचं बोलणं एवढंच. मोजकं, आणि त्यावर पुढे कुणी काही बोलू नये असं. हसणंही बेताचं, ओठ मिटून. त्यांच्या काही रीती होत्या आणि आम्ही त्या कधी विचारल्या नाहीत. त्या एसटीत पाऊल टाकायच्या नाहीत. कुठे जायचं तर जीप ठरवायची, आणि तीही मध्ये मध्ये थांबवायची. घरातून निघायच्या आधी सकाळपासून पाण्याला शिवायच्या नाहीत. लग्नकार्यात मांडवात न बसता मागच्या दारापाशी बसायच्या. मोठ्या घरची लेक, थाट जायचा नाही, असं आम्ही सगळे समजून होतो. मी तर मनातल्या मनात त्यांच्या या थाटावर कितीदा तरी चिडले आहे, कारण जीप ठरवायला मलाच फोन करावा लागायचा.

तर धाकटीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती नांदेडला निघाली, तेव्हा बॅगेत सगळ्यात वर पळायचे बूट होते आणि त्याखाली बाकीचं सामान. मुलगा झाला. अजून पुरती आठवड्याची बाळंतीण नाही, तोवर हिचा फोन. मला वाटलं, दुखतंय-खुपतंय सांगायला केला असेल. तर म्हणे, "अक्का, वर्षाचं आखून झालं. बाळ पालथं पडेल तेव्हा मी गल्लीच्या टोकापर्यंत न थांबता पळेन. रांगेल तेव्हा डाळमिलच्या चौकापर्यंत. धरून उभं राहील तेव्हा रिंग रोड. आणि जावळाच्या वेळेपर्यंत रेणापूर." मागून तिच्या आईचा आवाज येत होता, की बाळंतिणीने कानाला फोन लावू नये, वारं जातंय. मी म्हटलं, माय बरोबर सांगतेय, ठेव फोन. तिचं चालूच. आपल्या पळण्याबरोबर तिने त्या लेकराच्या रांगण्याचंही वेळापत्रक लावून टाकलं होतं, आणि ते लेकरू अजून डोळेसुद्धा नीट उघडत नव्हतं.

बारशाला आम्ही नांदेडला गेलो. अर्थातच जीपने, आणि अर्थातच अहमदपूरला आणि लोह्याला थांबत. खोली बायकांनी भरलेली, पाळण्याला फुगे, घुगऱ्यांची पातेली दारात. धाकटी कानाला रुमाल बांधून खाटेवर बसली होती. नाव ठेवून झालं, आत्यांनी नातवाला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आई रेणुके, लेकराला सुखाचं ठेव. ह्याचं जावळ तुज्या पायापाशी काढू." रेणापूर लातूरपासून अठरा-वीस किलोमीटर, तिथली रेणुकामाता आमच्या घरची देवी, त्यामुळे हे ठरलेलंच होतं. एवढ्यात खाटेवरून धाकटी म्हणाली, "आणि मी तिथवर पळत येईन."

तिच्या डोक्यात तिचं टार्गेट होतं. जावळ म्हटल्यावर तिला रेणापूर आठवलं आणि ती बोलून गेली. पण लेकरू मांडीवर, देवीचं नाव ओठावर, आणि आई बोलतेय, याला आमच्याकडे टार्गेट म्हणत नाहीत. कुणीतरी म्हाताऱ्या मावशी उठल्या, धाकटीच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "बोलली गं बाई." आत्यांचे डोळे भरून आले. मी तिला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, काय बोललीस ते कळतंय का तुला? ती आपली निवांत. "असंही प्लॅनमध्ये होतंच की, अक्का." मी कपाळाला हात लावला. टार्गेट चुकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. नवसाचं तसं नसतं, आणि हे फिजिक्सच्या पुस्तकात दिलेलं नसतं.

ती लातूरला परत आली आणि माझ्या पहाटा संपल्या. झुंजूमुंजू झालं की दार वाजायचं, लेकरू माझ्या मांडीवर यायचं आणि ही बाहेर. बरं, सोपवून गेली तर निवांत पळावं ना. गल्लीच्या मध्यातून फोन करायची, "रडतोय का?" मी म्हणायची, आता तुझ्या फोनने उठला, आता रडतोय. घरी असली की तेलमालिश करता करता उठाबशा काढायची. पुन्हा ते पोर आईचं सगळं वेळापत्रक मोडायला निघालेलं. अपेक्षेच्या कितीतरी आधी ते पालथं पडलं. आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय, आत्या दृष्ट काढतायत, आणि धाकटीचा चेहरा उतरलेला. "याने सिलॅबस आधीच संपवला," म्हणाली, आणि त्याला उचलून पुन्हा उताणं ठेवलं. ते पुन्हा पालथं. हिने पुन्हा उताणं. अर्धा दिवस हा प्रकार चालला. शेवटी मीच पोर तिच्या हातून काढून घेतलं आणि म्हटलं, तुझं गल्लीचं टोक गाठायचं राहिलं म्हणून त्याने आभाळाकडे बघत पडून राहायचं का?

पण तिचं टोक राहत होतं हे खरं. ते माझ्या उशिरा लक्षात आलं, कारण मी तिच्यावर चिडण्यात गुंतलेली. ती लवकर परत येऊ लागली होती. आली की सरळ न्हाणीघरात जायची आणि आपले कपडे आपणच धुऊन टाकायची. पहाटेचा फोनही बंद झाला. एक दिवस लेकरू काही केल्या राहीना म्हणून मी त्याला खांद्यावर टाकून गल्लीच्या टोकाला गेले, तर ही तिथल्या बंद किराणा दुकानाच्या ओट्यावर बसलेली, ओढणी कमरेला गुंडाळून. पोरगं घेतलं आणि त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "अक्का, मला पळताच येईना. चार पावलं टाकली की कपडे ओले होतात. लघवी थांबतच नाही. आधी मी पळणारी होते. आता नुसती दुधाची बाई झालेय."

नेहमी कुणाला तरी काहीतरी ठरवून देणारी ही पोर पहिल्यांदाच काही न ठरवता बसलेली मी पाहिली. पण माझा स्वभाव असा की कुणाचं वाईट वाटलं की मी रागावते. म्हटलं, मग ओट्यावर बसून काय होणार, डॉक्टरणीला दाखव. दाखवलं. डॉक्टरीण म्हणाली, बाळंतपणानंतर खूप जणींचं असं होतं, खालचे स्नायू सैल पडतात, व्यायामाने पुष्कळ सुधारतं. पण लांब पळायचं यंदा मनातून काढून टाका.

त्या दुपारी जेवताना धाकटीने आत्यांना सांगितलं, "आत्या, मी टार्गेट बदललंय. यंदा रेणापूरपर्यंत पळायचं जमायचं नाही." कारण मात्र सांगितलं नाही. सासूला असलं कसं सांगायचं?

आत्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "टार्गेट तुजं असंल. नवस देवीचा हाय."

"मी नवस बोललेच नव्हते."

"मंग काय बोलली व्हतीस? लेकरू माज्या मांडीवर व्हतं."

झालं. त्या दिवसापासून दोघींचा अबोला, आणि मधे मी. स्वयंपाकघर केवढं आमचं, तिघी उभ्या राहिलो तर कोपर लागतंय. त्यात ही म्हणायची, "अक्का, आत्यांना सांगा चहा झाला." आत्या म्हणायच्या, "तिला सांग, मी बहिरी न्हाई." दिवसभर हे निरोप पोचवून माझं डोकं उठायचं. एकीचा देव आणि एकीचा हट्ट, आणि दोघींचा मार मला. आणि अशातच लेकराला ताप आला. साधा ताप, दात येताना येतो तसा. पण आत्या सारख्या देवघराकडे पाहायच्या, आणि त्यांचं ते पाहणं धाकटीला दिसायचं. विज्ञान शिकवणारी बाई, पण पोटच्या पोराचं अंग तापलं की सगळ्या बाया सारख्याच भितात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ही कमरेला जाड कापड बांधून बुटांच्या नाड्या आवळतेय. कुठे निघालीस म्हटलं, तर म्हणे, "रेणापूर. होईल ते होईल."

मी ते बूट तिच्या पायातून ओढून काढले आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं. दुसरं काही सुचलंच नाही मला. आणि तशीच देवघरात गेले. आत्या वाती वळत होत्या. म्हटलं, "आत्या, तिला पळायचं नाही असं नाही. पळताना तिला लघवी धरता येत नाही. बाळंतपणापासून. आता कळलं का? आता देवीला विचारा, असला नवस चालतो का."

मला वाटलं, देवासमोर हे काय बोलतेस म्हणून आता मला ऐकावं लागणार. आत्यांचे हात थांबले. मग हळूच म्हणाल्या, "मला बी येत न्हाई."

"काय?"

"धरता. तुज्या धाकट्या दिराच्या येळंपासून."

धाकटे दीर आता चांगले लेकराचे बाप झालेले, बँकेत नोकरीला. एवढी वर्षं. एसटी, जीप, अहमदपूर, लोहा, पाण्याला न शिवणं, मांडवाचं मागचं दार, ओठ मिटून हसणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. आम्ही त्याला थाट म्हणत होतो. मी विचारलं, "कुणाला सांगितलं नाही?" आत्या म्हणाल्या, "कुणाला सांगू? सासूला? मला वाटलं, समद्या बायांचं असंच असतंय." मग मीही सांगून टाकलं, की माझंही जोराची शिंक आली की खरं नसतं. एका छपराखाली आम्ही दोघी, रोज एकमेकींसमोर भाकऱ्या थापतोय, आणि हे कधी बोललो नाही.

मागे वळून पाहिलं तर दारात धाकटी, अनवाणी, खांद्यावर पोर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती आत आली, आत्यांच्या शेजारी बसली, पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता दोघी गळ्यात पडतील. पण ती कुठली. नाक पुसलं आणि म्हणाली, "आत्या, उद्या तुम्हालाही डॉक्टरणीकडे न्यायचं. आणि परवापासून तुमचं टार्गेट सुरू."

मग जे सुरू झालं त्याला काही सुमार नाही. रोज सकाळी आम्ही तिघी ओट्याशी ओळीने उभ्या, चेहरा शांत, पदर सारखा, आणि आतल्या आत आवळायचं, धरायचं, सोडायचं. धाकटी मधोमध उभी राहून क्लासमधल्यासारखी आवाज लावायची, "श्वास रोखू नका, अक्का. आत्या, खांदे कामून वर जातायत?" ताप दोन दिवसांत उतरला होता, लेकरू खाली बसून पातेली वाजवायचं. माझे मिस्टर एकदा पाणी प्यायला आले आणि तिघींना अशा मुक्या उभ्या पाहून दारातूनच परत गेले. नंतर मला विचारलं, "भांडण झालंय का?" मी म्हटलं, "न्हाई, परीक्षा चाललीय." मला विचाराल तर एवढा छळ मला बी.ए.लाही झाला नव्हता. चुकवावं म्हटलं तर मी दळण टाकायला गेले तरी ती गिरणीत फोन करून विचारायची, आजचं झालं का.

नवसाचा तोडगा आत्यांनीच काढला. म्हणाल्या, "नवस घरातल्या कुणी बी फेडला तरी चालतंय. तिघी मिळून फेडू. जमंल तेवढं."

जावळाच्या दिवशी जीप निघाली. रेणापूर आलं, देवळाचं शिखर दिसायला लागलं, तशी आत्यांनी हात वर केला. तिथे उतरलो. धाकटीने पायात बूट चढवले, त्यांच्या शिवणीत अजून ज्वारीचं पीठ होतं. मी साडी खोचली. आत्या अनवाणी. पोर बापाच्या मांडीवर जीपमध्ये, ती आमच्या मागून हळूहळू. आणि आम्ही पळालो. आत्यांच्या पळण्याला कुणी पळणं म्हणणार नाही, पण त्यांचे दोन्ही हात मुठी वळून चालले होते आणि पदर उडत होता. धाकटीला पुढे सुटायची सवय, तरी ती स्वतःला आवरून आमच्या बरोबरीने राहिली, आणि तेवढ्यातही "अक्का, टाच आधी नको" हे चालूच. टपरीवरच्या एका माणसाने विचारलं, "काय मावशी, गाडी चुकली काय?" आत्या म्हणाल्या, "गाडी मागून येऊ लालीय." आणि देवळाच्या पायरीवर बसून त्या हसल्या. तोंड उघडून, पोट धरून, मोठ्याने. एवढ्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. हसून झाल्यावर माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "कोरडी हाय."

आत न्हाव्याने पहिली बट काढली तेव्हा धाकटी रडत होती. आनंदाने असेल म्हणून मी विचारलं नाही, तर तीच म्हणाली, "अक्का, मी काही लातूरहून पळत आले नाही." मी म्हटलं, नाही आलीस. पुढच्या वर्षी ये. रेणापूर कुठे चाललंय?

पुढच्या वर्षी ती लातुरात राहिलीच नाही. दिरांची बदली नांदेडला झाली. तिला माहेर जवळ, क्लासही मिळाला. सामान भरताना मी देवाला हात जोडले, की सुटले बाई. आता पहाटे दार वाजत नाही. मी मात्र त्याच वेळेला जागी होते आणि मांडी घालून पलंगावर बसून राहते. मांडीवर कुणी नसतं. मिस्टर घरीच चहा घेऊ लागलेत, पूर्ण साखरेचा, आणि तो करताना माझा हात आपोआप अर्ध्या चमच्यावर थांबतो.

मागच्या महिन्यात आत्या म्हणाल्या, "नातवाला बघून येऊ." मी जीपला फोन लावायला घेतला. म्हणाल्या, "ठेव तो. एसटीनं जाऊ." निघताना त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलेलं मी पाहिलं. अहमदपूरला गाडी थांबली, कंडक्टरने चहाला वेळ आहे म्हणून सांगितलं, सगळे उतरले. मी सवयीने उठले. म्हटलं, "आत्या, चला." त्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. म्हणाल्या, "तू जाऊन ये. मी बसते." लोह्यालाही त्या उठल्या नाहीत.

नांदेडच्या स्टँडवर धाकटी उभी होती. पोरगं आता चालतंय, पायात बूट, तिचा हात सोडून धावायच्या बेतात. तिने वाकून आत्यांचे पाय धरले आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठे उतरलात?"

"कुटंबी न्हाई," आत्या म्हणाल्या.

धाकटी तशीच वाकलेली राहिली, पायांवर डोकं टेकून, भर स्टँडवर. लोक वळसा घालून जात होते. मग उठली, माझ्याच पदराने आपले डोळे पुसले, कारण तिच्या अंगात पंजाबी ड्रेस होता, आणि म्हणाली, "अक्का, तुमचं यंदाचं काय?"

पाडवाही नव्हता. मी म्हटलं, "रेणापूर. घरापासून. चालत जाईन हं, पळायला सांगू नकोस. आणि एकटी जाणार नाही, तू यायचंस."

तेव्हापासून रोज पहाटे नांदेडहून फोन येतो, चालायच्या सरावाला निघालात का म्हणून. जीव नको करून टाकलाय. मी फोन चपलांपाशीच ठेवून झोपते.